अनुदान वाढलं, ग्रंथपाल कुठून आणणार?

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य
तथा पदसिद्ध अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य ग्रंथालय परिषद



हिवाळी अधिवेशन सुरू झालं की आम्हा नागपूरकरांचे रस्ते बदलतात. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटकडे दुपारी जायचं नाही, बर्डीत काम असेल तर गाडी लांब लावून पायी शिरायचं, हे घरातल्या लेकरांनाही पाठ आहे. त्या मोर्च्यांच्या गर्दीत सार्वजनिक ग्रंथालयांचे कर्मचारीही असतात. वेतनश्रेणी द्या, सेवाशर्ती लागू करा, व्यंकप्पा पत्की समितीच्या शिफारशींचं पुढे काय झालं ते सांगा, अशा त्यांच्या मागण्या. मी त्या मोर्च्यात चालले आहे, घोषणा दिल्या आहेत आणि गुडघ्यांनी साथ दिली तर पुन्हा चालेन. तेव्हा हे पत्र त्या मागण्यांना फाटा देण्यासाठी लिहिलंय, असा अर्थ कृपया कुणी काढू नये.

पण निवेदनाच्या पानात न मावणारी एक गोष्ट आहे आणि मोर्च्यात ती ओरडून सांगता येत नाही. ग्रंथपाल तयार होतो कसा, आणि तो तयार करणं हे कुणाचं काम?

मी पूर्व नागपुरातल्या एका 'ब' वर्गाच्या शासनमान्य ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणारी निवृत्त मंडळी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी मुलं, संध्याकाळी देवघेवीसाठी येणारे सभासद, आणि दिवाळीच्या आधी दिवाळी अंकांसाठी आगाऊ नाव नोंदवून जाणाऱ्या बायका, असा आमचा संसार. दाखल रजिस्टर, सभासद रजिस्टर, वर्गणीची पावतीपुस्तकं, हजेरीपट, सगळं जागच्या जागी आहे. तपासणीला माणूस येतो तेव्हा त्याला कागद कमी पडत नाही. तक्रार करावी असं यात काही नाही.

आपलं खातं ग्रंथालयांसाठी दरवर्षी पुरस्कार देतं. उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयाचा पुरस्कार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा आणि उत्कृष्ट कार्यकर्त्याचा व सेवकाचा पुरस्कार डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचा. नावं निवडणाऱ्याला मी मनापासून दाद देते. माझं म्हणणं या दोन नावांच्या आधारेच मांडता येतं, बाहेरचा दाखला शोधायची गरज नाही.

कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. शाळा सुटल्यावर ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे एक मुलगा पुस्तकात डोकं घालून बसलेला त्यांना दिसू लागला. त्यांनी विचारपूस केली, पुस्तकं द्यायला सुरुवात केली. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, सत्काराची सभा भरली, आणि तिथे केळुसकरांनी आपण स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवलं. पुढे शिक्षण पैशांवाचून अडायला लागलं तेव्हा हेच केळुसकर त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. 1907 आणि 14 ऑक्टोबर 1956 यांच्यामध्ये जवळजवळ अर्धं शतक आहे. त्या एका पुस्तकातून दीक्षाभूमी उभी राहिली असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मधल्या काळात बाबासाहेबांनी न्यूयॉर्कपासून लंडनपर्यंतची ग्रंथालयं पिंजून काढली होती. पण 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी केळुसकरांच्या त्या भेटीची आठवण लिहून ठेवली आहे. एवढ्या वाचनानंतरही ती पुसली गेली नव्हती.

केळुसकर ग्रंथपाल नव्हते. ते जे करत होते ते मात्र ग्रंथपालाचं काम होतं. कोण वाचतंय हे पाहायचं, तो कुठवर आलाय हे ओळखायचं, पुढचं पुस्तक द्यायचं, आणि पुस्तकाने भागत नसेल तर त्याचा हात धरून योग्य दारापर्यंत न्यायचं. आमच्या तपासणी अहवालात यातल्या एकाही कामाला रकाना नाही.

आणि शिष्यवृत्ती देणारे ते सयाजीराव कोण? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेला मराठी माणूस. त्यांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं. बोर्डन आले, त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय मांडलं, फिरत्या पेट्यांची व्यवस्था लावली, आणि 1911 साली ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. देशातला असा तो पहिला वर्ग. गावोगाव वाचनालयं काढायची तर ती चालवणारी माणसं आधी शिकवावी लागतील, हे एका संस्थानिकाला शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं.

आता दुसरं नाव. दरवर्षी 12 ऑगस्टला आम्ही ग्रंथपाल दिन साजरा करतो. रंगनाथनांच्या तसबिरीला हार, दोन भाषणं, पेढा. त्यांची पाच सूत्रं कुणीतरी म्हणून दाखवतं. पण त्यांच्या नोकरीचा पहिला आठवडा कसा गेला, ते कुणी सांगत नाही. जानेवारी 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाने गणिताच्या या तरुण प्राध्यापकाला ग्रंथपाल नेमलं. पगार बरा होता. काम मात्र त्यांना सोसवेना. वर्गात पोरांशी बोलण्याची सवय असलेला माणूस, त्या ओस पडलेल्या इमारतीत एकटा बसून बसून कंटाळला. आठवडाभरात ते आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले आणि मला परत घ्या म्हणाले. प्राचार्यांनी त्यांना झिडकारलं नाही आणि लगेच परतही घेतलं नाही. म्हणाले, इंग्लंडला शिकायला जाणार आहेस ना, जाऊन ये. परत आल्यावरही मन रमलं नाही तर पाहू.

लंडनमध्ये त्यांना बर्विक सेअर्स भेटले. सेअर्स युनिव्हर्सिटी कॉलेजात वर्गीकरण शिकवत आणि क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे मुख्य ग्रंथपाल होते. त्यांनी रंगनाथनांना आपल्या ग्रंथालयात कामाला घातलं आणि इंग्लंडमधली इतर ग्रंथालयं बघायला पाठवलं. कामगार वस्तीतली माणसं, लहान मुलं, घरकाम करणाऱ्या बायका ग्रंथालयात कशा येतात, हे त्या गणितज्ञाने तिथे डोळ्यांनी पाहिलं. परतलेला माणूस वेगळा होता. पाच सूत्रांचं पुस्तक 1931 साली आलं, द्विबिंदू वर्गीकरण 1933 साली. आणि 1956 मध्ये त्यांनी आपली आयुष्यभराची बचत, एक लाख रुपये, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी मद्रास विद्यापीठाला देऊन टाकली. अध्यासनाला नाव दिलं पत्नीचं, शारदा.

म्हणजे मंत्रिमहोदय, आपल्या दोन्ही पुरस्कारांच्या नावांमागे कुणीतरी एक माणूस उभा आहे. एकीकडे केळुसकर, दुसरीकडे सेअर्स, आणि जरा मागे तो शहाणा प्राचार्य. शासन फळाला पुरस्कार देतं, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण नव्या ग्रंथपालाच्या बाजूला असा एक माणूस उभा राहावा यासाठी आपल्या व्यवस्थेत काय तरतूद आहे, हे मी शोधलं तर मला काही सापडलं नाही.

कायदा आपल्याकडे आहे. 1967 चा, 1 मे 1968 पासून अमलात आलेला. त्याही आधी, 1945 साली, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांसाठी कायदा केला होता, याचा आपल्या राज्याला अभिमान वाटायला हवा; तो फारसा कुणाच्या कानावरही नाही. आपल्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. जे चालतं ते शासनाच्या परिरक्षण अनुदानावर, वर्गणीवर आणि विश्वस्तांच्या पदरमोडीवर. शासनमान्य ग्रंथालयं राज्यभरात 11 हजारांच्या आसपास. 2022 च्या अखेरीस अनुदानात 60 टक्के वाढ झाली, ती बऱ्याच वर्षांनी झाली, आणि ती आम्हाला हवीच होती. आता त्या वाढीनंतरचा हिशेब पाहा. 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचं अनुदान वर्षाला 48,000 रुपये झालं. त्यातले निम्मे पगारासाठी धरले तर 24,000. महिन्याला 2,000. नागपुरातल्या एखाद्या खासगी अभ्यासिकेत दोन-तीन खुर्च्यांचं महिन्याचं भाडं तेवढं होतं. या 2,000 रुपयांत रामटेक किंवा भिवापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात जो माणूस कुलूप उघडतो, झाडू मारतो, पेपर लावतो आणि रजिस्टर भरतो, त्याच्याकडून आपण वाचनसंस्कृतीची अपेक्षा करतो. तो जे करतो तेच पुष्कळ आहे.

पैशांची बाजू मोर्च्यातले माझे सहकारी मांडतील. मी शिकण्याकडे वळते.

जिल्हा ग्रंथालय संघ प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतात. विद्यापीठांत पदवी आहे, पदव्युत्तर पदवी आहे. मीही बी.लिब. करून आले. ड्यूईच्या वर्गीकरणात मराठी साहित्य 891.46 आणि भारताचा इतिहास 954, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. नोकरीला लागले तेव्हा आमच्या ग्रंथालयाच्या जुन्या ग्रंथपाल अजून होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. शिक्षण जुनी मॅट्रिक आणि तो प्रमाणपत्र अभ्यासक्रम. माझ्या पदवीचं त्यांना कौतुक होतं, पण दबदबा मुळीच नव्हता.

ताईंनी मला आधी काउंटरवर बसवलंच नाही. रोज सकाळी एक कपाट द्यायच्या. त्यातली पुस्तकं एकेक करून फडक्याने पुसायची आणि पुसताना प्रत्येक पुस्तक कुठेतरी उघडून दोन पानं वाचायची. संध्याकाळी विचारायच्या, त्या कपाटात काय आहे? नावं सांगून चालत नसे. "हे कोणाला द्यायचं?" असं त्या विचारत. पुढच्या वस्तीतल्या शिंपीकाम करणाऱ्या बाईंना, की रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांना, की दहावीतल्या त्या मुलाला? माझ्या तोंडून उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेच कपाट पुन्हा.

मग काउंटर. परत आलेलं पुस्तक ताई लगेच बाजूला ठेवत नसत. ते हातात उभं धरायच्या आणि कडेने पाहायच्या. वाचलेली पानं जरा फुगलेली असतात, मळलेली असतात. न वाचलेली एकमेकांना चिकटून घट्ट. जाड कादंबरी पंचाहत्तराव्या पानावर सोडून दिलेली आहे हे त्यांना त्या कडेवरून कळायचं. आणि त्या वाचकाला त्या कधीही "का हो, नाही आवडलं का?" असं विचारत नसत. माणूस संकोचतो आणि मग खोटं सांगतो, हे त्यांचं म्हणणं. त्या गप्प राहायच्या आणि पुढच्या खेपेला त्याच्यासमोर एखादा बारीकसा कथासंग्रह ठेवायच्या. मला म्हणायच्या, "अगं, तो काय मागतो ते ऐक, पण त्याने काय अर्ध्यात सोडलं ते पाहा नं."

हे मला कुठल्या पेपरात आलं नव्हतं. येण्यासारखंही नाही. कुणाच्या तरी हाताखाली बसल्याशिवाय हे येत नाही.

आणि नेतृत्व म्हणतात ते? तेही त्यांच्याकडेच. एका वर्षी पडताळणी झाली आणि निर्लेखनाची यादी करायची वेळ आली. फाटकी, कसर लागलेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं बाद करायची. यादी मी केली होती. कार्यकारिणीच्या सभेत ती मांडायला ताईंनी मलाच सांगितलं आणि स्वतः भिंतीला लागून असलेल्या बाकावर जाऊन बसल्या. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी यादीतल्या एका पुस्तकावर बोट ठेवलं. ते त्यांच्या वडिलांनी दिलेलं होतं. मी ताईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी मलाच बोलावं लागलं. तेच पुस्तक दुसऱ्या आवृत्तीत आपल्याकडे चांगल्या स्थितीत आहे, पण वडिलांच्या सहीचं पान आपण वेगळं काढून जपू, असं काहीतरी मी सुचवलं. ते कबूल झाले. घरी जाताना ताई एवढंच म्हणाल्या, की पुढच्या महिन्यात पुस्तक खरेदीची यादीही तूच मांड.

मध्यंतरी नेतृत्व विकासाच्या एका कार्यशाळेला मी गेले होते. कुणी भरवली ते राहू द्या. सकाळी तर्री-पोहे उत्तम होते. मग गट पाडले आणि वर्तमानपत्रांपासून जास्तीत जास्त उंच मनोरा बांधा असं सांगितलं. ज्या वर्तमानपत्रांच्या फायली आम्ही जिवापाड सांभाळतो त्यांचे तुकडे करून राज्यभरातले ग्रंथपाल मनोरे बांधत होते, आणि प्रशिक्षक मोबाइलवर फोटो काढत होते. मनोरा कुणाचा उंच झाला ते आता आठवत नाही. प्रमाणपत्र कुठेतरी फाइलमध्ये आहे. एका दिवसाच्या कार्यशाळेला मी नावं ठेवत नाही, माणसं भेटतात, चहाच्या वेळी खऱ्या गोष्टी बोलल्या जातात. पण कार्यशाळा घेतली म्हणजे ग्रंथपाल घडवला, असं खात्याच्या अहवालात लिहिलं जाऊ नये, एवढंच.

माझ्याकडे नवीन सहायक आला की मी त्याला दोन शाळांमध्ये पाठवते. पहिली शाळा दीक्षाभूमी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि वर्तमानपत्रांत दरवर्षी किती पुस्तकं विकली गेली याची बातमी येते. मी मात्र विक्रीचे आकडे सोडून विकणाऱ्यांकडे बघते. मागे एका स्टॉलवर उभी होते. मराठवाड्यातून आलेली एक म्हातारी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, मोठा जाडजूड ग्रंथ हातात घेऊन उलटापालटा करत होती. दुकानदाराने किंमत सांगितली नाही. विचारलं, "कोणासाठी पाहिजे, माय?" नातीसाठी. नात सातवीत. वाचून दाखवते का? दाखवते, पण अडखळते. त्याने तो ग्रंथ म्हातारीच्या हातून हळूच काढून घेतला आणि मोठ्या टाइपाची पातळशी पुस्तिका दिली. "हे वाचून झालं की पुढच्या साली हे घे," आणि जाड ग्रंथावर हात ठेवला. ग्रंथाची किंमत पुस्तिकेच्या कितीतरी पट होती. धंदा सोडून त्याने वाचक राखला. माझ्या सहायकाला मी त्या दिवशी तिथेच दिवसभर उभं केलं. काय शिकला ते मी विचारलं नाही, तो आता सभासदाला "कोण वाचणार आहे?" असं विचारतो.

दुसरी शाळा आमच्याच छपराखाली आहे, अभ्यासिका. आपल्याला ठाऊक असेलच, नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडाऱ्याची मुलं-मुली खोल्या करून राहतात आणि राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, जे निघेल त्याची तयारी करतात. महानगरपालिकेच्या अभ्यासिका भरलेल्या असतात आणि आमच्यासारख्या ग्रंथालयांतही जागा पुरत नाही. ही मुलं आमच्या कपाटांना हात लावत नाहीत, स्वतःच्या पिशवीतली पुस्तकं वाचतात. आमच्या काही ग्रंथपाल मित्रांना याचा राग आहे. ग्रंथालय म्हणजे खुर्ची-पंखा-वायफाय झालं, असं ते म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पण त्या खुर्च्यांवर उद्याचे तहसीलदार आणि गटविकास अधिकारी बसलेले असतात, आणि त्यांना आज दिवसातले बारा तास कुणी काही विचारत नाही, कुणी काही सोपवत नाही, हेही मला टोचतं.

आमच्याकडे जागेवरून भांडणं व्हायची. पहाटे येऊन पिशवी ठेवायची, जागा धरायची आणि जेवायला, झोपायला खोलीवर जायचं. मी सूचनाफलकावर नोटीस लावली, कुणी मानली नाही. कुरखेड्याचा एक मुलगा, शांत, फारसा बोलायचा नाही, त्याला बोलावलं आणि म्हटलं, यातून मार्ग तू काढ. तो म्हणाला, "मॅडम, नोटीस आम्हीच लावतो नं. तुम्ही लावली तं कोणी मानत नाही." मुलांनी बसून नियम केला. तासाभरापेक्षा जास्त वेळ माणूस नसेल तर पिशवी खिडकीत जाईल, आणि ती हलवण्याची पाळी रोज वेगळ्याची. पाण्याच्या कॅनचे पैसे, संध्याकाळी दिवे-पंखे बंद करणं, सगळं त्या पाळीत आलं. पहिल्या आठवड्यात त्याच्याच मित्राची पिशवी खिडकीत गेली, आणि ती त्यानेच ठेवली. तो मुलगा अजून कुठल्याच पदावर लागलेला नाही. पण आमच्या कार्यकारिणीत अभ्यासिकेचा विषय निघाला की आता त्याला बोलावतात, आणि अध्यक्ष त्याचं ऐकून घेतात. उद्या तो अधिकारी झालाच, तर पहिल्यांदा सही करताना त्याचा हात थरथरणार नाही, एवढा भरवसा मला आहे.

हे सगळं सांगण्यामागे मागणं आहे, आणि ते फार खर्चाचं नाही.

प्रत्येक जिल्ह्यात चार-दोन ग्रंथालयं अशी असतात जिथे काम खरोखर चांगलं चालतं. कुठली, ते जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याला तोंडपाठ असतं. नव्याने लागलेल्या किंवा वर्षानुवर्षं एकट्याने गाडा ओढणाऱ्या 'क' आणि 'ड' वर्गाच्या ग्रंथालय सेवकाला वर्षातून काही आठवडे अशा ग्रंथालयात बसू द्यावं. त्याच्या प्रवासाचं, जेवणाचं आणि त्या काळात त्याच्या गावचं ग्रंथालय उघडणाऱ्या बदली माणसाचं मानधन शासनाने द्यावं. बदली माणूस महत्त्वाचा. तो नसेल तर गावचं वाचनालय बंद राहील आणि मग शिकायला कुणी जाणारच नाही. प्रमाणपत्र अभ्यासक्रमालाही हे हाताखालचं काम जोडता येईल. आज त्या अभ्यासक्रमातून जे बाहेर पडतात त्यांतल्या कितीतरी जणांनी चांगलं चाललेलं ग्रंथालय आतून पाहिलेलं नसतं.

निवृत्त ग्रंथपालांचा आपण काहीच उपयोग करून घेत नाही. ताईंसारखी माणसं निवृत्त होतात, शाल-श्रीफळ होतं आणि त्यांच्या डोक्यातलं सगळं त्यांच्याबरोबर घरी जातं. महिन्यातून दोनदा शेजारच्या तालुक्यातल्या ग्रंथालयात जाऊन बसायला त्यांतले अनेक आनंदाने तयार होतील. त्यांना तपासणीचे अधिकार मात्र देऊ नका. तपासणारा आला की माणूस रजिस्टर काढतो. शिकवणारा आला की कपाट उघडतो.

आणखी एक, हे जरा नाजूक आहे. अनेक ग्रंथालयांत कार्यकारिणीची सभा चालू असते तेव्हा ग्रंथपाल बाहेर चहा सांगत असतो. विषय निघाला तर आत बोलावतात. पुस्तक खरेदी कुठून करायची, कोणती करायची, बालविभाग ठेवायचा की अभ्यासिकेला आणखी चार टेबलं टाकायची, हे ठरवताना ज्याच्यासमोर रोज वाचक उभा राहतो तो खोलीत नसतो. आमची समिती भली आहे, माझा हा अनुभव नाही. पण बैठकांना जाते तेव्हा इतरांकडून ऐकते. ग्रंथपालाला सभेत बसण्याचा आणि पुस्तक खरेदीवर मत नोंदवण्याचा हक्क नियमातच असावा. निर्णय घ्यायची सवयच लागली नाही तर नेतृत्व कुठल्या शिबिरात येणार?

आणि वार्षिक अहवालाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं, देवघेव, हे सगळं राहू द्या. त्याखाली एवढंच विचारा: या वर्षी आपल्या ग्रंथालयाने कुणाला काम शिकवलं, आणि आपल्या ग्रंथपालाला कुणी शिकवलं? पहिली काही वर्षं लोक काहीही भरतील, आपल्याकडे रकाने कसे भरतात ते मी सांगायला नको. पण रिकामा सोडायची लाज वाटली म्हणून तरी कुणीतरी शेजारच्या गावच्या ग्रंथपालाला फोन करेल.

अधिवेशनाच्या धामधुमीत आपल्याला सवड मिळाली तर आमच्या ग्रंथालयात या. दुपारी नको, मुलं अभ्यासाला असतात आणि गाड्यांच्या ताफ्याने त्यांचा तास जाईल. संध्याकाळी देवघेवीच्या वेळी या आणि काउंटरच्या आतल्या बाजूला बसा. फक्त आधी कळवू नका. कळलं की समिती भिंती रंगवायला काढेल, आणि या वर्षीच्या अनुदानातून बालविभागासाठी जी पुस्तकं घ्यायचं ठरलंय त्यांचे पैसे चुन्यात जातील.

कळावे,

आपली नम्र,
पूर्व नागपुरातील एका शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल